खाटेखालचा रुपया

या वर्षी अवरेकाई लवकर आली. येलहंक्याच्या बाजारात आत वळलं की डाव्या हाताला गोणपाटावर हिरव्या शेंगांचे ढीग लागलेले दिसले आणि पाठोपाठ तो वास आला. अवरेकाई म्हणजे आपल्या पावट्याच्याच घरातली शेंग. पण बंगळूरच्या थंडीत तिच्यावर दव पडलं की सालीला एक तेलकट, उग्र वास सुटतो. इथले लोक शेंग हातात घेऊन आधी हुंगतात आणि वास नसेल तर तोंड वाकडं करून खाली ठेवतात. इतकी वर्षं इथे काढल्यावर मीही हुंगते. या वेळी हुंगली आणि शेंग नाकाशी धरून तशीच उभी राहिले. मागची बाई म्हणाली, "अक्का, स्वल्प सरका." मी सरकले.

शेंगवाल्याच्या ढिगात एक काठी रोवलेली होती आणि तिला स्कॅन करायचा कागद प्लास्टिकमध्ये घालून बांधला होता. माझ्या हातात नोट बघून त्याला कंटाळा आला. "चिल्लर इल्ला अक्का, स्कॅन माडी." सुटे नाहीत, स्कॅन करा. मी केलं. त्याच्या शेजारच्या खोक्यातून एका बाईने पैसे पोचल्याचं ठणकावून सांगितलं आणि व्यवहार संपला. पूर्वी शेंगवाल्याकडून परत आलेले सुटे पैसे दवाने ओले असायचे. पिशवीच्या तळाशी शेंगांत मिसळून ते घरी यायचे आणि सोलायला बसलेल्या आईच्या हाताला एखादा रुपया लागायचा. ती तो पदराला पुसून खिडकीत ठेवायची. खिडकीतून तो बाबा उचलायचे.

बाबा म्हणजे माझे वडील. बंगळूरच्या एका सरकारी कारखान्यात ते एस्टिमेटिंगला होते. यंत्राचा एखादा भाग आपण बनवला तर किती खर्च येईल आणि बाहेरून आणला तर किती, हे काढायचं, एवढंच त्यांचं नोकरीभर काम. तरुणपणी मिरजेहून आले आणि इथेच राहिले. आई निपाणीची, तिला कानडी माहेरापासून येत होतं. बाबांनी मात्र 'स्वल्प', 'सरी' आणि 'बेडा', म्हणजे थोडं, बरं आणि नको, या तीन शब्दांवर सगळं आयुष्य निभावून नेलं. माझा मोठा भाऊ पुण्याला गेला. मी इथल्याच शाळेत शिकवते, लग्न केलं नाही, त्यामुळे येलहंक्याच्या त्या बैठ्या घरात आम्ही तिघंच उरलो होतो.

एक रुपयाच्या नाण्यावर बाबांचा फार राग होता. वर्षा-दोन वर्षांनी पेपरात ही छोटी नाणी बंद करावीत का, अशी चर्चा येते. ती आली की आमच्याकडे सकाळचा चहा लांबायचा. "रुपया पाडायला रुपयापेक्षा जास्त लागतात," बाबा पेपरावर बोट आपटत सांगायचे. "आमच्या कारखान्यात असा जॉब कुणी आणला असता तर साहेबांनी कागद तोंडावर फेकला असता. तोट्याचा धंदा आहे. बंद करा."

आई शेंगा सोलता सोलता म्हणायची, "अहो, पण नाणं काय एकदा वापरून फेकतात का? या हातातून त्या हातात जातं. खर्च एकदाच, काम किती वर्षं."

"कुठे जातं? तुझ्या डब्यात जातं. खिडकीत जातं. नाणं फिरलं तर नाणं. फिरत नाही तो नुसता पत्र्याचा तुकडा."

"पत्र्याचा तर पत्र्याचा. तुमच्या उपयोगाला येतोच की."

यावर बाबा पुन्हा पेपरात डोकं घालायचे, कारण ते खरं होतं. हार्डवेअरच्या दुकानात त्या मापाचा वायसर मागितला तर रुपयाहून जास्त पडतो, हा शोध त्यांना कधीतरी लागला होता. तेव्हापासून ते घरातल्या नाण्यांना हातड्रिलने भोकं पाडून वायसर म्हणून वापरायचे. "स्टेनलेस आहे, गंजत नाही. सरकार तोट्यात विकतंय, आपण का सोडा?" आईला ते मुळीच खपायचं नाही. "लक्ष्मीला भोकं पाडता? हात झडतील." हात काही झडले नाहीत. मोरीच्या दाराच्या कडीत रुपया होता, कपडे वाळत घालायच्या दांडीला दोन्हीकडे रुपये होते, पंख्याच्या रेग्युलेटरमागे एक होता. जिथे भोक लागत नव्हतं तिथे अख्खी नाणी होती. फ्रिजच्या मागच्या पायाखाली दोनाचं, शिलाई मशीनखाली पाचाचं. आमच्या घराची फरशी पाणी वाहून जावं म्हणून गवंड्याने उताराची केली होती आणि त्या उतारावर सगळा संसार बाबांनी चिल्लर घालून सरळ उभा केला होता.

बाबा आजारी होते त्या हिवाळ्यात सगळं घर अवरेकाईच्या वासाचं होतं आणि बाबांना ती चालत नव्हती.

मूत्रपिंडं आधीच कामातून गेली होती. आठवड्यातून तीनदा डायलिसिस होतं. पहाटे धुकं असताना रिक्षा यायची, आई बाबांच्या डोक्याला मफलर गुंडाळायची आणि मी शाळेत जायच्या आधी त्यांना दवाखान्यात सोडायची. त्यांच्या डाव्या हातावर फिस्टुला केलेला होता, म्हणजे सुया टोचायला धमनीला जोडून जाड केलेली एक शीर. तिच्यावर बोट ठेवलं की आत सतत काहीतरी थरथरत असायचं. पहिल्यांदा मी बोट ठेवलं तेव्हा घाबरून काढून घेतलं. बाबा म्हणाले, "मोटर चालू आहे. बंद पडली की कळव." असलेच विनोद करायचे ते. मला एकदाही हसू आलं नाही आणि ते बघून त्यांना हसू यायचं.

शेंगा नाहीत, डाळी मोजक्या, फळं नाहीत, शहाळं तर विषासारखं. पाणी एका छोट्या बाटलीतून, दिवसभर पुरवून. जन्मभर लोटाभर पाणी घटाघटा पिणारा माणूस तो. तो बाटलीच्या झाकणात ओतून जिभेला लावायचा आणि आम्ही दोघी दुसरीकडे बघायचो. शेजारच्या सरोजाक्का दर थंडीत भिजवलेल्या अवरेकाईची सालं चिमटीत दाबून काढलेल्या पांढऱ्या दाण्यांचं सांबार वाटीभर आणून द्यायच्या. आई आणि त्यांची ओळख मी शाळेत जायच्याही आधीची. त्या वर्षी वाटी मागच्या दाराने यायची आणि आम्ही दोघी ती स्वयंपाकघरात उभ्याने संपवायचो. वास काही उभा राहत नाही, तो घरभर फिरायचाच. आतून बाबा विचारायचे, "सरोजाक्का येऊन गेल्या वाटतं?"

पुढे चालणं बंद झालं तेव्हा लोखंडी खाट भाड्याने आणली. ती आणून टाकणारी माणसं गेली आणि खाट डुगडुगायला लागली. फरशीचा उतार. बाबांनी पडल्या पडल्या हुकूम सोडला, "पेल्यात पाणी घेऊन इथे काठावर ठेव." खाटेच्या पायथ्याशी एक सपाट पट्टी होती, तिच्यावर मी स्टीलचा पेला ठेवला. त्यांना पाण्याची पातळी बघायची होती. "उजवीकडचा मागचा पाय. पाचाचं घाल. नाही, जास्त झालं, पाणी इकडे आलं बघ. एकाचं घाल. अख्खं घाल गं, भोकाचं नको, खचेल." मी फरशीवर पालथी पडून रुपया सरकवला. पेल्यातलं पाणी स्थिर झालं. "आता ठीक," बाबा म्हणाले. मग त्या पेल्याकडे बघत बसले. "बघायला बंदी नाही ना?" त्यांनी आईला विचारलं.

आई उठून मोरीत गेली आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहिली. पेला मात्र तिथेच राहिला. बाबांनी तो काढू दिला नाही. रोज त्यात ताजं पाणी भरायला लावायचे.

संक्रांत झाली आणि एका सकाळी रिक्षा दारात आली तेव्हा बाबा म्हणाले, "बेडा. त्याला परत पाठव."

मला वाटलं आजचा दिवस नको म्हणतायत. आईने मफलर हातात घेऊन विचारलं, "का हो? बरं वाटत नाही का?"

"बरं वाटतंय म्हणूनच सांगतोय. आता जायचं नाही. आज नाही आणि परवाही नाही."

त्या दिवशी मी शाळेत गेले नाही. दादाला फोन लावला. तो म्हणाला, "बाबा, पैशाची काळजी करू नका. मी आहे." बाबा शांतपणे म्हणाले, "पैशाचा प्रश्नच नाही रे. कारखान्याकडून मिळतात. मी इतर खर्चाचं बोलतोय." मग आमच्या दोघींकडे बघत त्यांनी तो इतर खर्च सांगितला. आईचे गुडघे. माझी शाळा आणि पहाटेची झोप. तिथे सुया लावताना त्यांना होणारं दुखणं आणि घरी आल्यावर दुसऱ्या दिवसापर्यंत नुसतं पडून राहणं. एवढं घालून हाती काय येतं, तर परवा पुन्हा तिथे जाण्याइतपत जीव. त्यांच्या आवाजात राग नव्हता, रडू नव्हतं. एखाद्या कोनाड्याचं माप सांगावं तसं ते सांगत होते. याची मला चीड आली.

"म्हणजे नाणं पाडायला नाण्यापेक्षा जास्त लागतं म्हणून बंद करायचं?" मी ओरडलेच.

बाबा खूश झाले. खरंच झाले. आपली पोर मुद्द्यावर आली याचं त्यांना समाधान वाटलं असावं. "बरोब्बर," ते म्हणाले. "आणि फिरतही नाही आता. इथे पडून असतो."

आई म्हणाली, "तुमचं आपलं काहीतरीच. माणसाला नाणं म्हणतात का कुणी?"

पण मी हट्टाला पेटले होते. "बाबा, फ्रिजखालचं नाणं फिरतं का? किती वर्षं तिथे पडून आहे? मग काढून टाकू का? फ्रिज कलंडेल."

बाबांनी थोडा विचार केला. ते नेहमीच समोरच्याचं म्हणणं तोलून मग उत्तर द्यायचे. "फ्रिजखालचं नाणं फुकट उभं राहतं, नीलू," ते म्हणाले. "त्याला तिथे ठेवायला आठवड्यातून तीनदा यंत्राला जोडावं लागत नाही."

याचं उत्तर मी आजही शोधते आहे. शाळेत मुलांना शिकवताना, बसमध्ये, ओट्यापाशी, मनातल्या मनात मी त्यांच्याशी भांडत असते आणि प्रत्येक वेळी त्या वाक्यापाशी येऊन अडते. त्यांचा हिशोब कुठेतरी चुकला असता तर मला फार बरं वाटलं असतं.

डॉक्टरीणबाई घरी आल्या. भल्या होत्या. त्यांनी आईचा हात हातात घेऊन सांगितलं की पेशंट पूर्ण शुद्धीवर आहे, त्याला सगळं समजतंय, त्याला नको असेल तर आपण जबरदस्ती करू शकत नाही. साधारण आठवडा, फार तर दोन. झोप वाढत जाईल. आई सगळं ऐकून घेत होती आणि मधे मधे "सरी, सरी" म्हणत होती. दुकानदाराने भाव सांगितला आणि तो परवडत नसला की ती असंच म्हणायची.

बाई गेल्यावर आईने विचारलं, "मग आता पथ्य?"

"आता कसलं पथ्य," बाबा म्हणाले. "पाणी आण."

आईने तो खाटेच्या काठावरचा पेला उचलला आणि त्यांच्या तोंडाला लावला. त्यांनी तो सगळा प्यायला. हनुवटीवरून पाणी गळत होतं आणि आई ते पुसत नव्हती. रिकामा पेला तिने पुन्हा भरून जागेवर ठेवला. दुसऱ्या दिवशी तिने अवरेकाई आणायला सांगितली. मी आणली. तिने ती सोलली, भिजवली, सरोजाक्का दाबतात तशी चिमटीने दाबून एकेक दाणा सालीतून काढला. तिच्या बोटांना ते नीट येत नव्हतं, दाणे उडून फरशीच्या उतारावरून घरंगळत भिंतीला लागत होते. आमटी झाली. बाबांनी चार घास खाल्ले आणि म्हणाले, "सरोजाक्कांची जास्त चांगली होते." आई म्हणाली, "मग त्यांच्याकडेच जायचं होतं." दोघंही हसली. मी दाराशी उभी राहून ते बघत होते. आपण काय जेवू घालतोय हे त्या घरात सगळ्यांना माहीत होतं.

ते दिवस फार सुंदर होते हे सांगितलं तर लोकांना आवडत नाही, पण होते. सकाळी धुकं उतरायचं, मग एअर फोर्सच्या विमानांचा सराव सुरू व्हायचा आणि खिडकीच्या काचा थरथरायच्या. बाबा डोळे मिटून आवाजावरून विमान ओळखायचे, मग ओळखेनासे झाले. पेल्यातलं पाणी विमान गेलं की बारीक शहारायचं. मी खाटेशेजारी बसून त्यांच्या हातावरच्या त्या जाड शिरेवर बोट ठेवायची. यंत्राशी संबंध तुटला होता तरी ती आपली थरथरतच होती. तिला कुणी कळवलं नव्हतं.

मग एका दुपारी, विमानं थांबल्यावर, मी बोट ठेवलं आणि खाली काही लागलं नाही. मी बोट इकडेतिकडे सरकवून पाहिलं. आई समोरच होती. तिने विचारलं, "मोटर बंद पडली का गं?" आणि मी मान हलवली.

सरोजाक्का हाक मारायच्या आधीच आल्या. त्यांनी आईला जवळ घेतलं, बाबांचे पाय सरळ केले, हनुवटीला फडकं बांधलं. मग त्यांच्या कपाळावर हळद लावून माझ्याकडे वळल्या. "नाण्य बेकु. ओंदु रुपाई." नाणं हवं, एक रुपयाचं. इकडे माणूस गेला की त्याच्या कपाळावर रुपया लावतात. आमच्यात तशी पद्धत नाही, पण आई म्हणाली, "लावू दे. इतकी वर्षं इथलं मीठ खाल्लंय त्यांनी."

मी पर्स उघडली. कार्डं होती, नोटा होत्या. खिडकीत बघितलं. खिडकी रिकामी होती. केव्हापासून रिकामी होती कुणास ठाऊक, मी कित्येक महिन्यांत हाताने पैसे दिलेच नव्हते. देव्हाऱ्यात नाणी होती, आमच्याही आणि सरोजाक्कांच्याही, पण पूजेतलं नाणं मृताला कसं लावणार? आणि आता सुतक होतं, देवाला हात लावायचा नव्हता. मी चपला अडकवून कोपऱ्यावरच्या दुकानात पळाले. दहाची नोट पुढे केली आणि रुपया सुटा परत येईल असा एक बिस्किटाचा पुडा मागितला. दुकानदाराने पुडा दिला आणि वर एक चॉकलेट ठेवलं. मी म्हटलं, चॉकलेट नको, रुपया द्या. त्याने गल्ला उघडून दाखवला. त्यात बरणीतून सांडलेली चॉकलेटंच होती. "एल्ला स्कॅन, अक्का," तो म्हणाला. सगळं स्कॅनवरच चालतं. वडील गेलेत हे मी त्याला सांगितलं नाही. बिस्किटाचा पुडा आणि चॉकलेट हातात घेऊन घरी आले.

आई मोरीच्या दाराच्या कडीकडे बघत होती. म्हणाली, "ते भोकाचं नको. यांनीच भोकं पाडून ठेवलीयेत सगळ्यांना." मग आम्ही दोघींनी एकाच वेळी खाली बघितलं.

मी फरशीवर पालथी पडले. उजवीकडचा मागचा पाय. सरोजाक्कांनी दोन्ही हातांनी खाटेचा तो कोपरा वर उचलून धरला आणि मी रुपया ओढला. त्यावर लोखंडी पायाचा गोल वण उठला होता. पदराने पुसून आईने तो सरोजाक्कांकडे दिला, तेव्हा त्यांनी कोपरा सोडला आणि खाट बाबांसकट एका अंगाला कलली. काठावरच्या पेल्यातलं पाणी सांडलं. बाबांचं डोकं थोडं बाजूला झुकलं.

"अहो, सावकाश!" आई ओरडली आणि तिने पुढे होऊन तो कोपरा धरला.

सरोजाक्कांनी हळदीवर रुपया चिकटवला. मी आईला म्हटलं, सोड, आता काही होत नाही, मी खाली काहीतरी घालते, पुठ्ठा घालते. तिने ऐकलं नाही. शेजारची माणसं येऊन बाबांना खाली घेईपर्यंत ती दुखऱ्या गुडघ्यांवर तशीच वाकून खाट धरून उभी होती.